वीज कंपनीचा करंट रेशो ०.८१ निघाला, मग उधारीवर माल द्यावा का?

बडोद्याकडच्या मकरपुऱ्याच्या किंवा सावली-मांजुसरच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ज्यांचा ट्रान्सफॉर्मरचा, केबलचा, मीटरच्या पेट्यांचा कारखाना आहे, त्यांचं मोठं गिऱ्हाईक शेवटी वीज कंपनीच असतं. ऑर्डर मोठी, मार्जिन बारीक, आणि पैसे अडकले तर सगळा नफा व्याजात जातो. बँकवाला सांगतो, पार्टीचा करंट रेशो, म्हणजे वर्षभरात येणारा पैसा आणि द्यायचा पैसा यांचं प्रमाण, बघून घ्या. ताळेबंद उघडून भागाकार केला की रेशो एकच्या खाली येतो. किराणा-कापडाच्या हिशेबाने ही पार्टी बुडायला टेकलेली. प्रत्यक्षात तीच कंपनी दर महिन्याला हजारोंचे पगार आणि कोट्यवधींची वीजखरेदी चुकवत असते.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वीज, गॅस यांसारख्या सेवा देणाऱ्या कंपनीचा रेशो वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो, एवढाच मुद्दा.

बडोद्याच्या माणसाला हे शिकायला सोय चांगली आहे. गुजरात विद्युत मंडळाचं १ एप्रिल २००५ पासून सात कंपन्यांत विभाजन झालं. त्यांपैकी वीजनिर्मितीची जीसेक, पारेषणाची जेटको, वितरणाची मध्य गुजरात वीज कंपनी आणि या सगळ्यांवरचा गुजरात ऊर्जा विकास निगम, अशा चौघांची मुख्यालयं इथेच आहेत. म्हणजे सेवाकंपनीचा प्रत्येक नमुना गावातच सापडतो. जुने बडोदेकर अजून सगळ्यांना मिळून ‘जीईबी’च म्हणतात, हिशेब करताना मात्र तसं चालत नाही, ते का, ते पुढे येईलच.

पुस्तकातला २ आणि बँकेचा १.३३

करंट रेशो म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी. बारा महिन्यांत किंवा नेहमीच्या व्यवसायचक्रात रोख होईल ती चालू मालमत्ता, तेवढ्याच काळात द्यावं लागेल ते चालू देणं. कॉलेजात २ हा आदर्श शिकवतात. बँका १.३३ मागतात, तो आकडा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आला. चालू मालमत्तेचा २५ टक्के भाग दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करा, उरलेले ७५ टक्के चालू देण्यांतून. १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. हा सगळा विचार माल भरून ठेवणाऱ्या कारखान्याचा आहे.

वितरण कंपनीकडे विकायचा माल गोदामात नसतोच. वीज आली त्याच क्षणी गेली. स्टोअरमध्ये असतात त्या तारा, मीटर, तेल, खांब, आणि तेही विकायला नव्हे तर जोडायला. पैसा सगळा तारांत आणि उपकेंद्रांत गुंतलेला, म्हणजे मालमत्तेचा मोठा भाग दीर्घ मुदतीचा. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे पुढच्या बारा महिन्यांतले हप्ते मात्र चालू देण्यांत येऊन बसतात. शिवाय प्रत्येक ग्राहकाची सुरक्षा ठेव. वरची बाजू स्वभावतः हलकी, खालची जड. म्हणून वितरण कंपनीचा रेशो ०.७, ०.८, ०.९ असणं हा आजार नाही. उलट अशा कंपनीचा रेशो १.५ दिसला तर आधी शंका घ्यावी, कारण बहुतेक वेळा वरच्या बाजूला न वसूल होणारी थकबाकी साचलेली असते.

कोणाचा ताळेबंद उघडायचा

पर्चेस ऑर्डरवर ज्या कंपनीचं नाव आहे, तिचाच स्वतंत्र ताळेबंद घ्या. इथे ‘जीईबी’ म्हणून चालत नाही. निगमाचा एकत्रित ताळेबंद घेतला तर त्यात उपकंपन्यांची आपापसातली येणी-देणी कापली गेलेली असतात. गुजरातमध्ये वीजखरेदी मुख्यतः निगम करतो आणि चारही वितरण कंपन्यांना घाऊक दराने देतो. त्यामुळे वितरण कंपनीचं सर्वांत मोठं देणं स्वतःच्या आईकडेच असतं. ते देणं थोडं लवचीक असतं हे खरं, पण आईलाही बाहेरच्या वीजनिर्मात्यांना पैसे द्यायचेत. म्हणून रेशो काढायचा ऑर्डर देणाऱ्या कंपनीचा, आणि आधार म्हणून एकत्रित ताळेबंदावर एक नजर टाकायची.

वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. नाही मिळाला तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेले कागद पाहता येतात. कंपनीचे रोखे शेअर बाजारात नोंदलेले असतील तर सेबीच्या नियम ५२ नुसार दर तिमाहीला करंट रेशो जाहीर करावा लागतो. तो वर्षाअखेरच्या एका तारखेवर अवलंबून नसल्याने जास्त कामाचा.

२०२१-२२ पासून कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार ताळेबंदाच्या टीपांमध्येच करंट रेशो छापून येतो आणि आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण द्यावं लागतं. हे कारण अवश्य वाचा. ‘चालू देण्यांत घट झाल्यामुळे’ एवढंच लिहिलं असेल तर ते कारण नाही, ते भागाकाराचं वर्णन आहे. घट कशामुळे झाली ते देण्यांच्या टीपेत शोधावं लागेल. सरकारी कंपनी असेल तर कॅगचे शेरेही अहवालातच जोडलेले असतात. चालू की दीर्घ मुदतीचं, या वर्गीकरणावर त्यांनी बोट ठेवलंय का ते पाहायला पाच मिनिटं लागतात.

हिशेब मांडू

समजण्यासाठी एक कल्पित वितरण कंपनी घेऊ. ३१ मार्चचे आकडे, कोटी रुपयांत.

चालू मालमत्ता: स्टोअरमधला साठा ६०, ग्राहकांकडून येणी ९००, बिल न काढलेला महसूल ४२०, रोख आणि बँक १५०, तारण म्हणून अडकलेल्या मुदतठेवी ११०, सरकारकडून अनुदान येणं ३८०, इतर ८०. एकूण २,१००.

चालू देणी: कॅश क्रेडिट (बँकेची फिरती उचल) १८०, दीर्घ कर्जाचे वर्षभरातले हप्ते ३२०, वीजखरेदीची देणी ८४०, ग्राहकांच्या सुरक्षा ठेवी ७००, भांडवली कामांची देणी २६०, गोळा केलेलं पण सरकारला भरायचं वीजशुल्क १२०, इतर १८०. एकूण २,६००.

२,१०० भागिले २,६००, म्हणजे ०.८१. छापील रेशो हाच. आता दोन्ही बाजू खरवडून पाहायच्या.

वरची बाजू: यातलं वर्षात रोख काय होणार?

ग्राहकांच्या येण्यांची वयवार यादी टीपेत सक्तीची आहे: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वर, वाद असलेली वेगळी, वाद नसलेली वेगळी. एक वर्षाच्या वरची रक्कम, बुडीत तरतूद वजा करून जी उरते, ती काढून टाका. बंद पडलेले कारखाने, ग्रामपंचायतींचे पाणीपुरवठा पंप, कोर्टात अडकलेली वीजचोरीची बिलं, असा माल त्यात असतो. तो कधीतरी येईल, पण तुमच्या बिलाच्या तारखेला उपयोगी पडणार नाही. आपल्या उदाहरणात ही रक्कम २१० धरू.

बिल न काढलेला महसूल हा सगळ्यात फसवा आकडा, म्हणून जरा थांबून बघू. गुजरातमध्ये घरगुती बिल दोन महिन्यांनी निघतं. मीटरवाचन सगळीकडे एकाच दिवशी होत नाही, महिनाभर विभागून चालतं. म्हणून ३१ मार्चला काही घरांची एक दिवसाची वीज बिलाविना असते, काहींची साठ दिवसांची. सरासरी तीसच्या आसपास. उच्चदाब कारखान्यांचं बिल दरमहा निघतं, त्यांचा भाग कमी पडतो. दोन्ही मिळून आकडा वार्षिक महसुलाच्या २५-३० दिवसांइतका असेल तर तो खरा. आपल्या कंपनीचा महसूल ६,००० कोटी धरला तर ४२० म्हणजे २६ दिवस. ठीक आहे, हात लावू नका. हाच आकडा ५० दिवसांवर गेला तर समजावं की इंधन समायोजनाची (इंधनखर्च बदलला की बिलात लागणाऱ्या फरकाची) अजून मंजूर न झालेली रक्कम किंवा जुने दरफरक त्यात घुसलेत. तेवढा भाग वगळा.

नियामक मालमत्तेचंही असंच. म्हणजे वीज नियामक आयोगाने खर्च मान्य केला, पण वसुली पुढच्या वर्षांच्या दरांत ढकलली, ती रक्कम. भारतीय लेखा मानक (इंड-एएस) ११४ लागू करणारी कंपनी ती चालू आणि दीर्घ अशा दोन्ही गटांच्या बाहेर, वेगळ्या ओळीत दाखवते. कुठे ती इतर चालू मालमत्तेत दिसली तर सरळ काढून टाका. दर वाढल्याशिवाय तिचा एक रुपया हाती येत नाही.

अनुदान. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे राज्य सरकारने सवलतीची रक्कम आगाऊ द्यायची असते. ताळेबंदात तरीही येणं दिसतं. चालू वर्षाचं येणं ठेवा, मागल्या वर्षांतून ओढत आलेलं काढा. ते ओळखायला सलग तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवावे लागतात, दुसरा इलाज नाही. आपल्या उदाहरणात ३८० पैकी २३० जुनं निघालं.

तारणातल्या मुदतठेवी ११० गेल्या, कारण त्या पतपत्रासाठी (एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) बँकेकडे अडकल्यात. आगाऊ भरलेला विमा वगैरे ३० गेले. साठा ६० गेला, कारण तो खांबावर चढणार आहे, बाजारात विकला जाणार नाही.

२,१०० मधून २१०, २३०, ११०, ३० आणि ६० वजा. उरले १,४६०.

खालची बाजू: यातलं वर्षात खरंच द्यावं लागणार काय?

सुरक्षा ठेवींपासून सुरुवात. ग्राहक कधीही जोडणी तोडून ठेव परत मागू शकतो म्हणून बऱ्याच कंपन्या ती पूर्ण चालू देण्यांत दाखवतात. काही कंपन्या अनुभवाचा आधार घेऊन दीर्घ मुदतीत टाकतात. दोन कंपन्यांच्या रेशोंची तुलना करताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. एकीचा ०.८, दुसरीचा १.१, आणि फरक फक्त मांडणीचा. म्हणून ठेवी कुठे आहेत ते आधी शोधा आणि दोघींना एकाच मापाने मोजा.

व्यवहारात सगळे ग्राहक एकदम वीज तोडत नाहीत. तीन वर्षांची शिल्लक पाहा: ठेव दर वर्षी वाढत असेल तर ती देणं कमी आणि स्वस्त भांडवल जास्त आहे. परतावे आणि कलम ४७ खालच्या व्याजासाठी दहावा हिस्सा, म्हणजे ७०, ठेवू. बाकी ६३० काढू. मात्र ठेव घटू लागली असेल तर ही सवलत देऊ नका. मोठे कारखाने स्वतःच्या सौर किंवा पवन विजेकडे वळले की त्यांचा वापर कमी होतो, वापरावर ठरणारी ठेवही कमी होते आणि कंपनीला खरोखरच पैसे परत द्यावे लागतात.

‘इतर’ मध्ये ग्राहकांनी लाइन टाकण्यासाठी दिलेल्या अंशदानाचा आणि सरकारी अनुदानाचा या वर्षी उत्पन्नात घ्यायचा हिस्सा असतो. तो दिसतो देण्यांत, पण कुणाला द्यायचा नसतो. पैसे आधीच आलेत आणि खर्चही झालेत. ७० काढा.

वीजशुल्क १२० अजिबात काढू नका. ते सरकारचं आहे, कंपनी फक्त गोळा करते. अनुदानाच्या बदल्यात ते वळतं करतात असं कुणी सांगितलं, तर तसा आदेश टीपेत लिहिलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर वळतं धरायचं नाही.

कर्जाचे हप्तेही काढायचे नाहीत. २०२१ च्या बदलानंतर ते अल्पमुदतीच्या कर्जात दाखवतात, त्यापूर्वी इतर चालू देण्यांत असत. जुने अहवाल ताडून पाहताना ही जागा बदललेली लक्षात ठेवा, नाहीतर एका वर्षात कर्ज एकदम वाढल्याचा भास होतो.

२,६०० वजा ६३० वजा ७०, उरले १,९००. आणि १,४६० भागिले १,९०० म्हणजे ०.७७.

एवढा खटाटोप करून ०.८१ चं ०.७७ झालं, मग मिळवलं काय? अर्धवट साफसफाई करून पाहा. फक्त खालची बाजू साफ केली तर २,१०० भागिले १,९००, म्हणजे १.११. कंपनीच्या बाजूने बोलणारे हाच आकडा दाखवतात. फक्त वरची साफ केली तर १,४६० भागिले २,६००, म्हणजे ०.५६, धास्तावलेला पुरवठादार इथे पोचतो. एकाच कंपनीचे हे दोन आकडे, आणि दोन्ही चुकीचे. दोन्ही बाजू एकाच कसोटीने घासल्या तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

दिवस मोजा

रेशो एका दिवसाचा फोटो असतो. मार्चमध्ये वसुलीची मोहीम जोरात, त्यामुळे ३१ मार्चचा चेहरा वर्षातला सर्वांत धुतलेला. उन्हाळ्यातली महागडी वीजखरेदी त्यानंतर सुरू होते. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर ३० सप्टेंबरचाही ताळेबंद जाहीर होतो, तो शेजारी ठेवा.

येण्यांचे दिवस: ९०० भागिले ६,००० गुणिले ३६५, म्हणजे ५५. देण्यांचे दिवस: वीजखरेदी ४,७०० कोटी धरली तर ८४० भागिले ४,७०० गुणिले ३६५, म्हणजे ६५.

इथे एक चूक सर्रास होते. करारात मुदत ४५ दिवस, देणी ६५ दिवसांची, म्हणजे कंपनी २० दिवस थकली, असा निष्कर्ष काढतात. ही ४५ दिवसांची मुदत बिल हातात पडल्यापासून मोजतात. मार्चच्या विजेचं बिल एप्रिलच्या सुरुवातीला येतं, म्हणून ३१ मार्चला मार्चचे ३१ दिवस पूर्ण बाकी. फेब्रुवारीचं बिल मार्चच्या सुरुवातीला आलेलं, त्याची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणून ते २८ दिवसही बाकी. एकही बिल न थकवता ५९ दिवसांची देणी होतात. आपली कंपनी फार तर ६ दिवस मागे, म्हणजे ७७ कोटी. २० दिवस धरले असते तर २५७ कोटींची थकबाकी डोक्यात बसली असती. शंका असेल तर व्यापारी देण्यांची वयवार यादी बघा, तीही आता टीपेत असते.

९० दिवसांच्या पुढे गेलं की मात्र खरी अडचण. जून २०२२ च्या विलंब अधिभार नियमांनंतर थकलेल्या कंपनीचा बाजारातून वीज घेण्याचा मार्गच आखडता घेतला जातो, त्यामुळे वीजनिर्मात्याला आधी पैसे दिले जातात. कंपनीकडे पैसा कमी असेल तर रांगेत मागे राहतो तो सामान पुरवणारा.

याच नियमांनी जुनी थकबाकी जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडायची सोय केली होती. तसं केलेल्या कंपनीचा रेशो त्या वर्षी एकदम सुधारलेला दिसतो, कारण चालू देण्यांतला मोठा तुकडा दीर्घ मुदतीत गेला. हाती एक रुपया जास्त आलेला नसतो.

एकच्या खाली गणित उलटं चालतं

छापील ०.८१ घ्या. कंपनीने येणी वसूल करून त्या पैशातून ३०० कोटींची देणी चुकवली: १,८०० भागिले २,३००, म्हणजे ०.७८. पैसे दिले आणि रेशो पडला! आता तिने ३०० कोटींचं अल्पमुदतीचं कर्ज काढून बँकेत ठेवलं: २,४०० भागिले २,९००, म्हणजे ०.८३. कर्ज वाढलं आणि रेशो सुधारला. (एकच्या वर असता तर दोन्ही उलटं झालं असतं.)

म्हणून लवकर पैसे देऊन सूट मिळवणारी शिस्तीची कंपनी रेशोत मार खाते. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०१९-२४ च्या दरनियमावलीत बिल मिळाल्यापासून ५ दिवसांत भरणा केला तर १.५ टक्के सूट होती. ज्याच्या हाती पैसा आहे तो अशी सूट सोडत नाही. त्याच्या देण्यांचे दिवस ३०-३५ वर येतात आणि रेशो खाली. रेशो घसरलाय, पण देण्यांचे दिवसही घसरलेत आणि कॅश क्रेडिट वाढलेलं नाही, असं दिसलं तर ती चांगली बातमी आहे. रेशो सुधारलाय आणि सोबत अल्पमुदतीचं कर्ज फुगलंय, तर ती वाईट.

खड्डा किती, भरणार कशाने

साफ केलेल्या आकड्यांत १,९०० वजा १,४६०, म्हणजे ४४० कोटींचा खड्डा आहे. तो भरायची साधनं दोन.

पहिलं, न वापरलेली बँक मर्यादा. मंजूर ४८०, वापरलेली १८०, शिल्लक ३००. पण मंजूर म्हणजे उचलता येईल असं नाही. बँक दर महिन्याला ड्रॉइंग पॉवर (प्रत्यक्षात किती उचलता येईल ती रक्कम) काढते आणि ठरावीक दिवसांच्या वरची येणी त्यात धरत नाही. ज्या कंपनीची येणी जुनी, तिची मर्यादा नेमकी गरजेच्या वेळी आखडते. पतमानांकन संस्थांच्या निवेदनात ‘लिक्विडिटी’ नावाचा परिच्छेद असतो, त्यात मर्यादा सरासरी किती टक्के वापरली जाते ते बहुतेक वेळा दिलेलं असतं. ९० च्या वर असेल तर ही शिल्लक शून्य धरा.

दुसरं, व्यवसायातून येणारी रोख. तीन वर्षांची सरासरी घ्या, एका वर्षाची नको. समजा ६२० आहे. व्याज १५० गेलं, आणि भांडवली कामांत कर्ज-अनुदानाबाहेरचा स्वतःचा हिस्सा १५० गेला. राहिले ३२०. दोन्ही मिळून ६२०, खड्डा ४४०, उशी १८० कोटींची. आता ताण देऊन पाहा: वर ठेवलेलं चालू वर्षाचं अनुदान १५० कोटी वर्षभर आलंच नाही तर उशी ३० वर येते. म्हणजे ही कंपनी बुडणार नाही, पण सरकारने पैसे अडवले त्या वर्षी तुमचं बिल दोन-तीन महिने सरकेल. उधारीचं व्याज तेवढं धरूनच दर भरा.

वित्तीय जोखमीच्या टीपेत देण्यांचा मुदतवार तक्ता असतो. त्यात व्याजासकट रकमा येतात, म्हणून तो ताळेबंदाशी तंतोतंत जुळत नाही. घाबरू नका, तो तसाच असतो.

तुमचं बिल कुठल्या ओळीत बसतं

ट्रान्सफॉर्मर, केबल, खांब हे भांडवली काम. त्यांची देणी ‘व्यापारी देणी’त नसतात, ‘इतर वित्तीय देण्यां’त भांडवली कामांच्या ओळीत असतात, उदाहरणातल्या २६० मध्ये. वयवार यादी फक्त व्यापारी देण्यांची असते. म्हणजे वीज विकणाऱ्याला वेळेवर पैसे मिळतात हे यादी सांगते, तुम्हाला मिळतात की नाही ते सांगत नाही. भांडवली देण्यांची आणि राखून ठेवलेल्या रिटेन्शन रकमेची तीन वर्षांची शिल्लक त्या त्या वर्षीच्या भांडवली खर्चाशी भागून पाहा. खर्च तेवढाच आणि देणी वाढत चालली, तर पुरवठादार थांबलेत. ज्या योजनेतून तुमची ऑर्डर निघाली तिच्या कर्जाची मंजुरी झाली आहे का, हेही विचारा. असे पैसे बहुधा चालू मालमत्तेतून नव्हे, त्या कर्जातून निघतात.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांची कायदेशीर मुदत आणि बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्क आहे. अशा पुरवठादारांची थकलेली रक्कम आणि त्यावरचं व्याज टीपेत वेगळं द्यावं लागतं. तिथे शून्य छापलेलं असेल आणि तुमचंच बिल शंभर दिवस पडून असेल, तर त्या टीपेवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

वितरणाबाहेरच्या कंपन्या

पारेषण कंपनीची गिऱ्हाइकं मोजकी, बिलं ठरलेली. तिथे भांडवली देणी आणि कर्जाचे हप्ते एवढंच पाहायचं. वीजनिर्मितीत कोळशाचा साठा खरा असतो, काढू नका. येणी मात्र दोन-तीन वितरण कंपन्यांकडेच असतात, म्हणून त्यांचे रेशो काढल्याशिवाय हिचा रेशो पुरा होत नाही. शहर गॅस कंपनी, जशी इथली वडोदरा गॅस, गॅस विकत घेते त्याचे पैसे लवकर चुकवते आणि घरोघरच्या ठेवी बाळगते. तिच्या चालू देण्यांतून ठेवी काढल्या की रेशो बराच चढतो. म्हणून ठेवींची टीप तिथे सर्वांत आधी. पाणीपुरवठा आपल्याकडे महानगर सेवासदनाचा विभाग आहे, कंपनी नाही. त्याला करंट रेशो लावू नका.

आता ऑर्डरकडे. साफ केलेला रेशो ०.७ च्या वर, देणी ६५ दिवसांच्या आत आणि उशी शिल्लक असेल तर नेहमीची उधारी द्यायला हरकत नाही. यातली एक गोष्ट बिघडलेली असेल तर ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिलं ऑनलाइन वटवण्याची व्यवस्था) बिल वटवता येईल का ते ऑर्डर घेण्यापूर्वी विचारा, आणि वटणावळ दरात धरा. दोन बिघडल्या असतील तर पतपत्र मागा किंवा माल टप्प्याटप्प्याने पाठवा: पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय तिसरी खेप गेटबाहेर काढू नका. मात्र लांबलेल्या पुरवठ्यावर दंडाचं कलम आहे का, ते टेंडरमध्ये आधी वाचून घ्या.